रोज एक चरवी

फूल समुद्रात सोडायचं ठरलं आणि मार्तंड मास्तरांना एकाएकी छत्री सापडेना. मग चष्मा सापडेना. तो कपाळावरच निघाला, तेव्हा ते म्हणाले, "ओहोटी अजून पुरती लागलेली नाही."

"लागलीय," आतून दुर्गाबाई म्हणाल्या. "कोळणी मघाशीच शिंपल्या वेचायला गेल्या."

किहीमच्या त्या घराच्या पडवीत काचेची तीन फूट लांब पेटी होती. तिच्यात किनाऱ्यावरचे दगड, शंखात राहणारे दोन खेकडे, बोटभर मासे आणि एका दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. फूल आपलं दिसण्यापुरतं. होता तो प्राणी, पाकळ्यांनी कोळंबीचा तुकडा पकडून गिळणारा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी ते खडकातून आणलं, त्याला तीन वर्षं झाली. इतके दिवस हा सगळा संसार एका अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत चालला होता. चैत्रात मास्तरांना वाटलं, पुरे झाली अडचण. त्यांनी अलिबागच्या लोहाराकडून चौकट करून घेतली, काचा बसवल्या, सांध्यांत लांबी भरली. मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून ती बारीक नळीने पाण्यात सोडण्याची युक्तीही केली. असा थाट राजाच्या घरी नसेल. आणि या थाटात पंधरवडा राहून फुलाने पाकळ्या मिटल्या त्या मिटल्याच.

त्यालाही आता पंधरा दिवस होत आले. चारांतले दोन मासे मेले. मास्तरांनी दगड दोनदा काढून घासले, पेटीची जागा बदलली, ट्यूब बदलली. पाण्यात तर त्यांनी एक दिवस कसूर केली नव्हती. पेटी चांगली ऐसपैस, वरून उघडी. वैशाखातल्या झळांनी रोज अर्धं बोट पाणी उतरायचं. मास्तर सकाळी उठून स्वतः समुद्रावर जायचे आणि ताज्या पाण्याची चरवी आणून तूट भरून काढायचे. समुद्राच्या जिवाला समुद्राचंच पाणी, हा त्यांचा बाणा.

"इथे डोळ्यांदेखत मरण्यापेक्षा तिथे जगू दे त्याला," असं शेवटी दुर्गाबाई म्हणाल्या आणि मास्तरांनी मान हलवली होती. मान हलवणं सोपं असतं. आता कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते दगड चाचपत होते, आणि दगड काही त्यांच्या हाताला लागत नव्हता.

तेवढ्यात मिठागरावरची सगुणा मीठ विकायला आली. पाटी उतरवून तिने मास्तरांचा चेहरा पाहिला.

"रडताव का काय, मास्तर?"

"पाणी उडालं डोळ्यात. खारं पाणी."

पाणी दिसलं की बोट बुडवून जिभेला लावायचं, ही मिठागरातल्या माणसांची खोड. सगुणाने पेटीत बोट बुडवलं, चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्यो दर्याचा पानी न्हाय."

"अगं, मी स्वतः आणतो! रोज एक चरवी!"

"आन् काढता किती?"

"काढायचं कशाला? उन्हानं कमी होतं तेवढंच घालतो."

सगुणा कमरेवर हात ठेवून हसली. "मंग मिठागरच घातलाय की तुमी पडवीत! ऊन पानी नेतं मास्तर, मीठ हितंच ठेवतं. रोज नवा मीठ वतताव त्याच्या डोक्यावर."

मास्तर मटकन बाकावर बसले. तीस वर्षं त्यांनी सातवीला हेच शिकवलं होतं. फळ्यावर मिठागर काढायचं, वर सूर्य काढायचा, पाण्यावरून वर जाणारे बाण काढायचे. ज्या पोरांनी मिठावरून बाण काढला त्यांना अंगठे धरून उभं केलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट आनंद झाला.

"मग आता काय घालू?" त्यांनी मीठवालीला विचारलं, एखाद्या पोराने मास्तरांना विचारावं तसं.

"हिरीचा गोडा पानी. थोडा ह्यातला काढा, तेवढाच त्यो घाला. पर दमानं. एकदम वतलात तर जीव जाईल."

विहिरीवर रहाटाचा आवाज झाला. दुर्गाबाई कधीच तिकडे पोचल्या होत्या.

पुढचे दोन दिवस पडवीत तेवढंच काम चाललं. तांब्याने काढायचं, तांब्याने घालायचं, मग थांबायचं. शेजारी त्या सकाळची समुद्राची चरवी ठेवलेली. एक बोट तिच्यात, एक बोट पेटीत, आणि चव जुळते का ते पाहायचं. मास्तरांची जीभ विड्याच्या तंबाखूने केव्हाच कामातून गेली होती. तेव्हा चव घेतली दुर्गाबाईंनी. ज्या बाईने कोळंबीच्या वासाला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, तिने कोळंबी पडणाऱ्या त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अजून जास्त आहे. काढा आणखी एक तांब्या." मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते डुलकी काढत होते, तेव्हा खांद्याला हात लागला.

"अहो. हळूच या."

फुलाची एक पाकळी बाहेर आली होती, जांभळट, दोऱ्याएवढी. मग दुसरी आली. मग एकदम पाच-सहा आल्या आणि पाण्यात हलायला लागल्या. मास्तर उठून पायऱ्यांकडे धावलेच. "शेजारच्या भाऊला हाक मारतो! शाळेत निरोप धाडतो! सगुणाला कुणीतरी..."

दुर्गाबाईंनी त्यांचं धोतर पाठीमागून धरलं.

"सगळ्यांना सांगा हो," त्या म्हणाल्या. "पण मग. आधी जरा आपण दोघंच बघू."