चालू लाइन

वामनराव वारले, तरी कालव्यावरच्या बोटीत त्यांची कटकट चालूच होती. त्यांचं मन बोटीच्या वायरिंगमध्ये साठवलं होतं आणि ते वीज असेतोवरच टिकणार होतं. जुन्या सोलर पॅनेलांनी मान टाकली, तसा त्यांचा आवाज खोल गेला. म्हणून त्यांची बायको शालन नवी पॅनेलं घेऊन टपावर चढली.

“आधी मेन स्विच बंद कर,” स्पीकरमधून वामनराव म्हणाले.

“म्हणजे तुम्ही पुसून जाल! चालू लाइनवरच जोडते.”

“शॉक बसून मरशील. जन्मभर इलेक्ट्रिशियन होतो मी. माझ्या बोटीवर चालू लाइनला हात लावायचा नाही.”

“अहो, थांबा!”

खट्कन मेन त्यांनीच बंद केला.

शालननं पॅनेलं जोडली, खाली येऊन मेन चालू केला. दिवे लागले, पंखा फिरला.

“बरोबर जोडलंय ना हो?” तिनं विचारलं आणि ते चूक काढतील म्हणून वाट बघत बसली.