बाईंच्या नावाने

अकराला दहा कमी होते आणि तिने तिसऱ्यांदा टेबल पुसलं. लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पडद्यावर कालचा निरोप तसाच होता. "बाई, उद्या अकराला फोन करते. आता बोलल्याशिवाय चैन पडणार नाही." खाली नाव नव्हतं, नुसतं 'सातवीच्या मॅडम'. कुठल्याशा शाळेतल्या या मॅडमना तिने कधी पाहिलं नव्हतं.

फोन बाईंना येणार होता. आणि बाईंना जाऊन सात आठवडे झाले होते.

बाई म्हणजे तिची आई. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर शिक्षकांसाठी, शाळांतल्या ग्रंथपालांसाठी एक साइट काढली. फुकट वाचता येणारी पुस्तकं कुठे मिळतात, ऐकायच्या गोष्टी कुठे, चित्रांची पुस्तकं कुठे, याच्या लिंका. अशा साइट पुष्कळ असतात. पण आईच्या साइटवर प्रत्येक लिंकखाली आणखी एक नोंद असायची: मूल हे पुस्तक कितव्या पानावर मिटतं. "पान नऊ. एकदम सहा नावं येतात, पोर गोंधळतं. समजावत बसू नका. तेवढं पान मोठ्याने वाचा, पुस्तक त्याच्यापाशी ठेवा आणि कामाला लागा." ठिकठिकाणचे शिक्षक तिथे आपल्या अडचणी लिहायचे. आई उत्तर द्यायची. दोन ओळींत, कोरडं, नेमकं.

पाहुणे पांगले त्या दुपारी ती साइट बंद करायला बसली. पासवर्ड आईनेच देऊन ठेवला होता. आत एक प्रश्न वाट पाहत होता. चौथीतली एक मुलगी म्हाताऱ्या कासवाची गोष्ट दरवेळी अर्ध्यात सोडते, काय करू? तिने लिहिलं, "आई आता". पुढचा शब्द बोटांतून उतरेना. ते दोन शब्द तिने पुसले, आईच्या कपाटातून कासवाचं पुस्तक काढलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि आईच्या नावाने उत्तर धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरा प्रश्न आला. तिसऱ्या दिवशी तिसरा. मग एकही दिवस मोकळा गेला नाही.

तिचं स्वतःचं वाचन आई गेल्यापासून थांबलं होतं. एरवी बसथांब्यावरही पुस्तक उघडणारी ती, पण आताशा दोन ओळी गेल्या की डोळे नुसते कागदावरून घसरायचे. दवाखान्यात अर्धं झालेलं पुस्तक तिने परत उघडलंच नाही. जे काही वाचलं ते या उत्तरांपुरतं. कासवं, पतंग, हरवलेले मोजे.

"अजून तेच?" भाऊ दारात उभा होता. हातात आईच्या कपड्यांचं खोकं. "ताई, हे सोंग आहे. उद्या कुणी भेटायला आलं तर काय आईचा चष्मा लावून बसणार आहेस?"

"सांगते आज."

"दोन ओळी लिही आणि मोकळी हो, म्हणून मी किती दिवस ओरडतोय."

ती खिडकीपाशी गेली, परत आली. कसं सांगणार याला? ती अनोळखी माणसं रोज 'बाई' म्हणून हाक मारत होती, आणि ती हाक येत होती तोवर आई कुठेतरी हजर होती. आज फोन उचलला की आई जाणार होती. दुसऱ्यांदा.

फोन वाजला.

तिने समोरच्याला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. "मॅडम, मला आधी काहीतरी सांगायचंय. मी बाई नाही. त्यांची मुलगी. आई..."

"माहीत आहे, ताई."

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. बाईंनीच आम्हा सगळ्यांना कळवलं होतं, दवाखान्यातून, की आता थोडेच दिवस उरलेत, पुढे साइट मुलीकडे असेल. आणि तसंही पहिल्याच उत्तरात कळलं असतं. तुम्ही लिहिलंत, 'छान प्रश्न विचारलात.' अहो, बाई कुणाला कधी छान म्हणाल्या होत्या?"

तिला हसू फुटलं. भावाने चमकून पाहिलं.

"मग रोज प्रश्न कशाला विचारत होतात?"

पलीकडे कुठेतरी बाक सरकले. मॅडम बहुधा वर्गाबाहेर आल्या असाव्यात.

"बाई म्हणाल्या होत्या, माझ्यामागे ती पुस्तकाला हात लावायची नाही. तिला समजवायला जाऊ नका. सांत्वनाची पत्रं तर मुळीच नकोत. रोज एकीने एक प्रश्न विचारा, पुस्तक उघडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा. आम्ही आपापसांत वार वाटून घेतले होते."

सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीत बसली.

"म्हणजे ती कासववाली मुलगी..."

"होती ना, मी चौथीला शिकवायचे तेव्हा. पण तिचं उत्तर बाईंनी मला दोन वर्षांपूर्वीच दिलं होतं. सगळी उत्तरं आमच्याजवळ होती, ताई."

मग मॅडमचा आवाज खाली आला.

"आज फोन केला तो मात्र वेगळ्या कारणासाठी. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेली, मागच्या महिन्यात. वर्गात सगळ्यांत जास्त वाचणारी पोर ती. आता पुस्तक समोर ठेवलं तर पालथं करून ठेवते. हे बाईंना विचारायचं राहून गेलं. तुम्हाला विचारू?"