शेवटच्या रांगेतली साक्ष

वकीलबाईंनी तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हीच ती. काळा कोट, आखूड केस, आणि तेही कुठल्यातरी महागड्या ठिकाणी कापलेले. तिला कळणारच, तिचं स्वतःचं पार्लर होतं.

पार्लरमुळेच ती इथवर आली होती. बेसिनवर मान टाकली की बायकांची तोंडं सुटतात. नवरा हातचा जायला लागला की काय काय करतो, हे गिऱ्हाइकांकडून ऐकून तिला पाठ झालं होतं. फोन पालथा ठेवतो. गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलतो. शर्टाला स्वतः इस्त्री करतो. हल्ली तिचा नवरा यातलं एकही बाकी ठेवत नव्हता, आणि फोनवर दर वेळी बाईचाच आवाज. आज तो ऑफिसला म्हणून निघाला, तशी पार्लरला कुलूप घालून ती त्याच्या मागोमाग आली.

तिला वाटलं होतं, एखादं हॉटेल निघेल. निघालं सरकारी सभागृह. मुलाला मुलगे आवडतात, मुलीला मुली आवडतात, म्हणून अल्पवयीन पोरांना ‘सुधारायचे’ जे उपचार करतात, त्यांवर बंदी आणायच्या कायद्यावर समितीपुढे सुनावणी चालली होती. तिला त्याच्याशी काय देणंघेणं? ती त्या हाताकडे बघत होती. तिने कधी असा हात ठेवला की नवरा पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा. मग हिचाच बरा चालतो? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

तेवढ्यात नवरा साक्षीला उभा राहिला.

“मी दहावीत होतो,” समोर बसलेल्या डॉक्टरांकडे बोट दाखवत तो म्हणाला. “वडील मला या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे मला मुलांचे फोटो दाखवायचे आणि मनगटाला विजेचा झटका द्यायचे.”

हा दुसऱ्या कुणाचं तरी सांगतोय, असंच तिला आधी वाटलं. मग त्याने बाही वर केली. मनगटावरचे ते डाग तिच्या ओळखीचे होते. लहानपणी कुकरने भाजलं, असं त्याने तिला सांगितलं होतं.

शेजारीण, त्याची मामेबहीण, ऑफिसातली ती हसरी टायपिस्ट. लग्न झाल्यापासून तिने एकीला म्हणून सोडलं नव्हतं. प्रत्येकीवर जळून झालं होतं. आता जळायचं तरी कुणावर, तेच तिला समजेना. त्या डॉक्टरांवर मात्र जळावंसं वाटलं. आपल्या नवऱ्याला ते आपल्यापेक्षा जास्त ओळखत होते.

डॉक्टरांचे वकील उठले. माणूस गोड बोलणारा होता.

“आईबापांनी मुलाचं भलं बघायचं नाही, तर काय कायद्याने बघायचं?” त्यांनी समितीला विचारलं, आणि नवऱ्याकडे वळले. “तुमचं लग्न झालंय ना? मुलगी आहे. सुखाचा संसार आहे. म्हणजे गुण आला की.”

“लग्नही उपचारातच होतं,” नवरा खाली बघत म्हणाला. “डॉक्टरांनी तेव्हाच वडिलांना सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या वयाचा झाला की लग्न लावून द्या, उरलंसुरलं त्याने जाईल.”

“ते द्या सोडून. पण यात नुकसान कुणाचं झालं, ते सांगा.”

मागे खुर्ची सरकली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाई, मधे बोलता येणार नाही,” समितीच्या अध्यक्षांनी तिला सांगितलं. “आपण कोण?”

“उरलंसुरलं जायला डॉक्टरांनी जे औषध दिलं होतं ना,” ती म्हणाली, “ते मी.”