अगाथाच्या शेजारी

अगाथाला बाजारातल्या खांबाला बांधलं, तेव्हा डोर्कास गर्दीच्या मागे उभी होती. कालपासून पोटात अन्न नव्हतं.

"चेटकीण!" बोमाई ओरडला. हातात कोयता, मागे पेटलेला जाळ, जाळात लोखंडी सळ्या. "कावागेसारखा धडधाकट गडी नुसत्या तापाने मरतो? हिनेच त्याचं काळीज खाल्लं. आता हिच्या जोडीदारणींची नावं वदवून घेतो!"

बायकांनी माना खाली घातल्या. न जाणो, आपलंच नाव निघायचं. पोलीस ठाणं गोरोका शहराच्या वाटेवर, पार डोंगरापलीकडे. मागे सालोमेला असंच धरलं होतं. एक बाई मध्ये पडली, तर दोघींच्या झोपड्या जाळल्या. दोघी आतच होत्या.

तो वास डोर्कासच्या नाकातून अजून गेला नव्हता.

"घरी चल," शेजारच्या लुसीने तिचा दंड धरला. "तू इथे यायलाच नको होतंस."

"अगाथाने माझी बाळंतपणं केलीत, लुसी."

"माझीही केलीत. म्हणून काय जीव द्यायचा?"

तेवढ्यात खांबापाशी अगाथा किंचाळली. डोर्कासने दंड सोडवून घेतला.

ती पुढे निघाली तसे लोक बाजूला होत गेले. कुणी तिच्या डोळ्याला डोळा देईना. अगाथाशेजारी चिखलात तिने बसकण मारली आणि तिच्या कमरेला मिठी घातली.

बोमाई गडबडला. "काकू, ऊठ. तुझी जागा इथे नाही."

"मलेरिया होता, बोमाई. दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. चेटूकबिटूक काही नव्हतं."

"कुणी पढवून पाठवलं तुला? का तूही हिच्यातलीच?"

त्याने कोयता उगारला. डोर्कासने मिठी आणखी घट्ट आवळली. तिने डोळे गच्च मिटले. आता बसेल, आता बसेल.

"सरक जरा," कानाशी कुणीतरी म्हणालं.

लुसी होती. हुडहुडी भरल्यासारखी कापत होती, पण बसली. मग रताळी विकणारी म्हातारी आली. मग पाद्रीबाई. मग बोमाईची स्वतःची बायको, तान्ह्याला पाठीवर घेऊन.

जाळापाशी उभ्या पुरुषांना त्या घोळक्यात आपापल्या आया, बहिणी दिसू लागल्या. एकाने सळी टाकली आणि मुकाट चालू लागला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळेच पांगले.

बोमाई एकटा उरला. कोयता टाकून तो मटकन खाली बसला.

"कावागेसाठीच केलं गं, काकू," तो हुंदके देत म्हणाला.

अगाथाच्या हातांवरच्या दोराच्या गाठी डोर्कासच्या बोटांना सुटत नव्हत्या. शेवटी तिने त्या दातांनी सोडवल्या. मग बोमाईच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊठ, बाळा. कावागेसाठी खड्डा खणायचाय. माझं लेकरू घरात एकटंच पडलंय."