विसपुते सरांची मान

"या शाळेच्या साठ वर्षांच्या उज्ज्वल इतिहासात एकाही विद्यार्थ्याची पाठ दुखलेली नाही," मुख्याध्यापक विसपुते सरांनी जाहीर केलं आणि कमरेला हात लावून ते खुर्चीतून उठले.

समोर नववीतली शलाका उभी होती. तिची उंची पाच फूट आठ इंच, बाक पाचवीच्या मापाचा आणि दप्तर नऊ किलोचं. वर्गात कपाट आणि जरा उंच बाक, एवढंच तिचं मागणं. तीन अर्ज 'या वयात कसली दुखणी?' असा शेरा घेऊन परत आले होते. म्हणून आज तिने दवाखान्यातून जोडपट्टी आणली होती. पट्टीचा एक तुकडा दुखणाऱ्याच्या मानेला लावायचा, दुसरा ज्याला पटत नाही त्याच्या, की पहिल्याचं दुखणं जसंच्या तसं दुसऱ्याला जाणवतं. हल्ली डॉक्टरही कुठे दुखतंय ते विचारत बसत नाहीत.

"नाटकं नुसती. लाव," म्हणत सरांनी मान पुढे केली.

तिने लावली. सर अलगद खाली बसले. खांदे कानांना भिडले.

"हे... रोज असतं?"

"शनिवारी कमी असतं सर. अर्धी शाळा ना."

सरांनी क्लार्क भाऊसाहेबांना बोलावून तिथल्या तिथे हुकूम सोडले: प्रत्येक वर्गात कपाट, मोठ्या मुलांना उंच बाक, पुस्तकं शाळेतच. दाराला कान लावून उभ्या असलेल्या नववीने टाळ्यांचा कडकडाट केला. शलाका विजयी वीरासारखी दाराकडे निघाली.

"शलाका बाळ," मागून क्षीण आवाज आला, "जाताना एवढी पट्टी काढ गं. माझा हात मागे पोचत नाही."