बारकोडपुरतं भोक

अरे, ऐका ना! नव्या मॉनिटरच्या खोक्यावरचा बारकोड मी कापत होतो, तर बाबा म्हणाले, "कापू नकोस रे, खोका जपून माळ्यावर ठेव." मी म्हटलं, "बाबा, हा बारकोड कंपनीला पोस्टाने पाठवला की हजार रुपये कॅशबॅक!" पाठवला.

नवव्या दिवशी मॉनिटर बंद! शनिवारी कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचाय, म्हणून कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकल्यावर एक ताई फोनवर आल्या. "बदलून देऊ, सर. फक्त बारकोडचा फोटो पाठवा."

"अहो, बारकोड तुम्हालाच पाठवलाय!"

"ते कॅशबॅकवाले, सर. ते वेगळे."

मग कॅशबॅकवाल्यांना कळवलं, मॉनिटर बंद पडलाय, बारकोड परत द्या. त्यांचं उत्तर आलं: 'बंद मॉनिटरवर कॅशबॅक नाही. अर्ज रद्द.'

मी तर नाचलोच! मॉनिटर बंद असल्याचं कंपनीनेच लिहून दिलं ना! लगेच ते ताईंना पाठवलं.

"छान, सर," त्या म्हणाल्या, "आता सोबत बारकोडचा फोटो जोडा."

बाबांनी भोक पडलेला तो खोका आणला, मॉनिटर त्यात नीट बसवला आणि माळ्यावर ठेवून दिला.