कीथची पेल एल

बाटलीच्या गळ्यातला रबर बँड निघता निघेना. नेव्हिल लिंडनरनं शेडचं दार पायानं ढकलून लावलं आणि पुन्हा नख घालून बघितलं. बाहेर त्याची बायको रोंडा टोमॅटोंना पाणी घालत होती. सकाळचे आठ वाजले होते. चोरटं काम करायची ही काही वेळ नव्हे, पण शेडमध्ये नेव्हिल चोरासारखाच दबकत वावरत होता.

शेडमधल्या फ्रिजमध्ये कडीना गावच्या होमब्रू क्लबच्या, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबच्या, एकवीस जणांची बिअर होती, प्रत्येकाच्या दोन बाटल्या. नेव्हिलचं घर हमरस्त्यावर, त्यामुळे स्पर्धेच्या बाटल्या दरवर्षी त्याच्याकडे जमा व्हायच्या. सगळ्या सारख्याच तपकिरी, बिनलेबलाच्या. कुठली कुणाची हे फक्त रबर बँडखाली अडकवलेल्या नंबराच्या चिठ्ठीवरून कळायचं. नेव्हिलचा नंबर सात. कीथ पासकोचा बारा.

पाच मिनिटांत कीथच्या बाटल्यांवर सात नंबर आला आणि नेव्हिलच्या बाटल्यांवर बारा.

क्लबच्या हॉलमध्ये एक लाकडी फळा आहे. पेल एल या फिकट बिअरच्या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्याचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवतात. गेली सहा वर्षं तिथे एकाखाली एक कीथ पासको, कीथ पासको असंच चाललं होतं. त्यातली चार वर्षं नेव्हिल दुसरा आला होता, आणि दुसऱ्याचं नाव फळ्यावर लिहीत नाहीत. येत्या मार्चमध्ये तो सत्तर वर्षांचा होणार होता. त्या फळ्यावर एकदा, फक्त एकदा, आपलं नाव लागावं एवढंच त्याला हवं होतं.

शनिवारी दुपारी परीक्षक हॉलच्या स्वयंपाकघरात बसले. दार बंद होतं. आत बाटल्या टेबलावर आडव्या लोळवून तळाचा गाळ बिअरमध्ये मिसळत होते, त्याची घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. दर घरघरीला नेव्हिल खुर्चीतून उठत होता.

"एका जागी बस की लेका," कीथ म्हणाला. "आत काय कुणाचं बाळंतपण चाललंय?"

"कंबर धरलीये जरा."

"कंबर धरलेला माणूस अशा येरझाऱ्या घालतो होय?"

"चार दिवस हेच चाललंय," रोंडा म्हणाली. "परवा चहात मीठ घालून प्यायला. वर मलाच विचारतो, चहा बदललास का?"

कीथ हसला. त्यानं आपल्या खिमा भरलेल्या पेस्टीचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा नेव्हिलपुढे धरला. तीस वर्षं तो असाच मोठा तुकडा पुढे करत आला होता. नेव्हिलनं तुकडा घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. त्याला स्वतःची शरम वाटली. सांगून टाकावं, अजून वेळ गेलेली नाही, असंही त्याच्या मनात आलं.

"या वर्षी तूच बाजी मारणार बघ," कीथ म्हणाला. "माझी बॅच काही मनासारखी जमली नाही."

हे कीथ दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी जिंकायचा. नेव्हिलची शरम तिथेच ओसरली.

"मी तर म्हणते याची या खेपेची झकास झालीये," रोंडा म्हणाली.

"तुला मी केलेली प्रत्येकच झकास लागते," नेव्हिल खेकसला.

तेवढ्यात दार उघडलं. क्लबची अध्यक्ष मॉरीन हातात कागद घेऊन बाहेर आली. नेव्हिल खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. तिसऱ्या नंबराचं नाव त्याला ऐकूसुद्धा आलं नाही.

"दुसरा क्रमांक, नंबर सात," मॉरीन म्हणाली आणि तिनं यादी बघितली. "नेव्हिल, सवयच लागलीये बाबा तुला."

हॉलभर हशा पिकला. नेव्हिलच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि पहिला क्रमांक, नंबर बारा. कीथ पासको, दुसरं कोण? परीक्षक म्हणतात, इतकी सुरेख पेल एल या हॉलमध्ये आजवर आली नव्हती."

नेव्हिलला काही उलगडेना. आपणच गडबडीत घोळ घातला की काय? चिठ्ठ्या काढून पुन्हा होत्या तिथेच लावल्या की काय?

जिंकलेल्याची दुसरी बाटली सगळ्यांसमोर उघडायची, अशी क्लबची रीत. कीथनं बारा नंबरची बाटली लोळवली, उघडली आणि पहिला ग्लास नेव्हिलच्या हातात दिला. नेव्हिलनं घोट घेतला. महिनाभर स्वतःची जी बिअर तो चमच्याचमच्यानं चाखत आला होता, ती त्याच्या जिभेला लगेच ओळखू आली. घोळ कुठेच झाला नव्हता.

कीथनंही एक घोट घेतला. मग आणखी एक घेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली. नेव्हिलच्या खांद्यावर हात टाकून तो त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"नेव्ह, ही माझी नाही."

नेव्हिलनं नजर हातातल्या ग्लासात वळवली.

"तुझ्या फ्रिजमध्ये चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीये. होतं रे, बेचाळीस बाटल्या सांभाळायच्या म्हणजे. मॉरीनला सांगायला निघालोच होतो. पण मग सगळे तुझ्या नावानं खडे फोडतील. पुन्हा कुणी तुझ्याकडे बाटली ठेवणार नाही."

"कीथ, अरे, ऐक..."

"तू काही बोलू नकोस. मी गप्प बसतो. फळ्यावर माझं नाव आणखी एकदा लागेल, त्यानं काय होतंय? तुझी अब्रू त्याहून मोठी." कीथनं ग्लास उजेडात धरला आणि सुस्कारा सोडला. "वाईट वाटतं ते फक्त त्या बिचाऱ्याचं, ज्याची ही बिअर आहे. त्याला कधी कळणारही नाही."